ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या: चीनमधल्या सव्वादोन लाख रोपांची केस आणि मामांचे सात गुंठे

मामांचा फोन आला की पहिली पाच मिनिटं पाऊस आणि काजूचा भाव, मग मुद्दा. या वेळचा मुद्दा असा की घरामागच्या उतारावर सात गुंठे रान मोकळं पडलंय, तिथे झाडं लावायचीत, नर्सरीवाला म्हणतो सगळा साग लावून टाका, वाडीतले गुरुजी म्हणतात मिश्र लावा, तर तू ते झाडांचं कायकाय वाचत असतोस ना, तूच सांग. मी फोनवर "मिश्रच लावा मामा" म्हणून मोकळा झालो आणि फोन ठेवल्यावर कळलं की हे उत्तर काही कामाचं नाहीये. मिश्र म्हणजे किती जाती? आणि त्या लावायच्या कशा, एका कोपऱ्यात साग, दुसऱ्यात जांभूळ असं चालतं का, की एकाआड एक? शेजारी कोण आहे याने झाडाला खरंच फरक पडतो का, की हे आपलं "निसर्गात सगळं मिश्रच असतं" टाइप गोड बोलणं?

तर यावर मला माहीत असलेली सगळ्यात धडधडीत केस चीनमधली आहे, तीच इथे सविस्तर लिहितो.

जागा आहे जियांग्शी प्रांतातली, शिनगांगशान नावाच्या गावाजवळचे डोंगर. उंची फार नाही, साधारण १०५ ते २७५ मीटर, पाऊस वर्षाला १८०० मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणापेक्षा बराच कमी पण दुष्काळी म्हणता येणार नाही असा, आणि हिवाळ्यात मात्र चांगली थंडी. आधी तिथे काय होतं तर लाकडासाठी लावलेली सूचिपर्णी झाडं, चायनीज फर आणि मॅसन पाइन. दक्षिण चीनमध्ये डोंगरच्या डोंगर या दोन झाडांनी भरलेत, आपल्याकडे सागाचे असतात तसे. १९९८ साली यांगत्झे नदीला भयानक पूर आला, त्यानंतर तिथल्या सरकारने उतारावरची शेती बंद करून झाडं लावायचा मोठा कार्यक्रम हातात घेतला, आणि एवढी झाडं लावायचीच आहेत तर एक जात लावायची की अनेक, हा प्रश्न तिथे गप्पांपुरता राहिला नाही, तो लाखो हेक्टरचा हिशोब झाला.

मग २००८ च्या सुमारास चिनी, जर्मन आणि स्विस लोकांनी मिळून बीईएफ-चायना नावाचा प्रयोग उभा केला. जर्मनीतल्या हालेचे हेल्गे ब्रुएलहाइडे, झुरिकचे बर्नहार्ड श्मिड, बीजिंगचे केपिंग मा ही यातली मोठी नावं. जुनी लागवड तोडून दोन जागा साफ केल्या, एकीवर २००९ मध्ये रोपं लावली आणि दुसरीवर २०१० मध्ये. एकूण ५६६ प्लॉट, प्रत्येकात ४०० रोपं, म्हणजे २,२६,४०० रोपं!! जाती चाळीसच्या वर, जवळपास सगळ्या तिथल्याच रुंद पानांच्या. यादी वाचताना मला मजा वाटली कारण अर्धे पाहुणे ओळखीचे निघाले, रिठ्याचा सख्खा भाऊ आहे, बकाणनिंब आहे, कापराचं झाड आहे, टेंभुर्णीचा चुलतभाऊ आहे, आणि मग ओक आणि चेस्टनटच्या घराण्यातली बरीच मंडळी.

प्लॉटचं माप बघा, २५.८ मीटर बाय २५.८ मीटर. हा विचित्र आकडा कुठून आला तर तो चीनमधला पारंपरिक एक 'मू' आहे, जसा आपला गुंठा. गुंठ्यात मोडला तर साडेसहा गुंठे पडतो. म्हणजे मामांच्या रानाएवढाच एकेक प्लॉट, हे गणित करून बघितलं आणि मग मी ही केस जास्तच मन लावून वाचली.

रोपं लावली वीस ओळी, प्रत्येक ओळीत वीस, दोन रोपांत १.२९ मीटर, म्हणजे सव्वाचार फूट. दाट आहे, हेक्टरी सहा हजार पडतात. (मियावाकीवाले, म्हणजे त्या जपानी पद्धतीने दाट जंगल लावणारे, चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबतात त्यामानाने हे ऐसपैसच म्हणायचं.) काही प्लॉट एकाच जातीचे, काही दोन जातींचे, मग चार, आठ, सोळा, अगदी चोवीस जातींपर्यंत. आणि कुठल्या खड्ड्यात कुठली जात जाणार हे आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. म्हणजे मजुराच्या हातात जे रोप आलं ते लावलं असं नाही, प्रत्येक खड्ड्याला त्याचं त्याचं ठरलेलं रोप. पहिली वर्षं खुरपणी चालू ठेवावी लागली, मेलेली रोपं बदलावी लागली, त्या उतारावर हे काम करणाऱ्या लोकांना माझा नमस्कार.

यात एक चलाखी आहे ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिश्र प्लॉट चांगला वाढला की लगेच शंका येते, की त्यात एखादी जात मुळातच दांडगी असेल आणि सगळं लाकूड तिनेच वाढवलं असेल, बाकीच्या नुसत्या सोबतीला. टीममध्ये एक विराट असला आणि टीम जिंकली तर ते टीमवर्क म्हणायचं की विराट? म्हणून त्यांनी जातींची मांडणी अशी केली की प्रत्येक जात एकटी, दुकटी, चौघांत, आठ जणांत, सोळात, सगळीकडे सारख्याच प्रमाणात येईल. मग दांडगी जात सगळ्याच पातळ्यांवर तेवढीच असणार आणि राहिलेला फरक शेजाराचा. बांधावरची दोन झाडं बघून "हे त्याच्यामुळे वाढलं" म्हणणं आणि हे, यात जो फरक आहे तो हाच.

आता निकाल. पहिल्या दोन-तीन वर्षांत काहीच नाही. खरंच. रोपं लहान, एकमेकांना पोचतच नाहीत, वाढ कशावर ठरत होती तर कोण उतारावर वर आहे, कोण खाली, माती किती, ऊन कुठल्या बाजूने. शेजारी असला काय नसला काय. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे दोन वर्षांत फोटो टाकून "बघा मिश्र लागवडीची कमाल" म्हणणारे खूप आहेत. दोन वर्षांत दिसते ती पाण्याची आणि खताची कमाल.

मग फांद्या भिडल्या, मुळं भिडली, आणि दरवर्षी फरक वाढत गेला. आठ वर्षांनंतरचा हिशोब युआनयुआन ह्वांग आणि मंडळींनी २०१८ मध्ये 'सायन्स' मासिकात मांडला: एका जातीच्या प्लॉटमध्ये सरासरी हेक्टरी १२ टनांच्या आसपास कार्बन झाडांमध्ये साठला होता (कार्बन जास्त म्हणजे ढोबळमानाने लाकूड जास्त), आणि सोळा जातींच्या प्लॉटमध्ये ३२ टनांच्या आसपास. अडीचपट. माती तीच, पाऊस तोच, रोपांची संख्याही तीच. आणि त्या विराटवाल्या शंकेचं उत्तर असं आलं की हे एकट्यादुकट्या दांडग्या जातीचं काम नव्हतं, जाती एकमेकींना पूरक पडल्या त्याचं होतं.

इथे लगेच टाळ्या वाजवू नका. त्याच अभ्यासात अजून एक वाक्य आहे जे पुढे पाठवताना लोक सोयीने गाळतात. तिथे तुलनेसाठी त्या दोन व्यापारी झाडांचे, फर आणि पाइनचे, एकट्याचे प्लॉटही होते. आणि सोळा जातींच्या मिश्र प्लॉटचा कार्बन या व्यापारी मोनोकल्चरच्या बरोबरीचा निघाला. जास्त नाही, बरोबरीचा. म्हणजे "सरासरी" एकट्या जातीच्या अडीचपट हे खरं, पण नर्सरीवाला जी निवडून निवडून सगळ्यात झटपट वाढणारी जात देतो तिच्याशी गाठ पडली तर सामना टाय. त्यामुळे मामांच्या नर्सरीवाल्याला मूर्ख म्हणायची सोय उरत नाही. फक्त टाय झाला म्हणजे लाकडात तोटा न होता सोळा जाती मिळाल्या, असंही त्याच आकड्याकडे बघता येतं, आणि मला विचाराल तर मोठी गोष्ट ही आहे, ते अडीचपट नव्हे. एकच जात लावली आणि तिची कीड आली तर काय होतं हे सागाचं रान पावसाळ्यात पानं खाणाऱ्या अळीने चाळणी झालेलं ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको.

बरं, हे झालं प्लॉटचं. पण झाडाला प्लॉट कळत नाही. झाडाला कळतात त्याला टेकलेली आठ झाडं, चार सरळ आणि चार तिरकी. केसचा मला सगळ्यात आवडलेला भाग इथून सुरू होतो. आंद्रेआस फिश्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॉटची सरासरी बाजूला ठेवली आणि एकेका झाडाच्या आजूबाजूला कोण आहे ते बघितलं, शेजारी किती मोठे, किती जातींचे, आणि मधल्या झाडाची वाढ किती. निष्कर्ष दोन वाक्यांत: शेजारात जातींची संख्या जास्त तसं मधलं झाड जास्त वाढतं, आणि प्लॉटाप्लॉटांच्या उत्पादनात जो फरक दिसतो त्यातला अर्ध्याहून जास्त फरक नुसत्या या लगतच्या शेजारानेच समजतो. आणि प्लॉटमध्ये जाती जितक्या जास्त, तितकं हे शेजारपण जास्त महत्त्वाचं.

म्हणजे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो ते अगदी खरं, फक्त पवळ्या शेजारीच बांधलेला पाहिजे, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधून उपयोग नाही.

हा गुण लागतो कसा, तर सगळ्यांना सारखा नाही. झाडांचे ढोबळमानाने दोन स्वभाव असतात. एक उधळे, हलकं लाकूड, पातळ पानं, भराभर वाढायचं, ऊन मिळालं की घेतलं. दुसरे चिकट, जड लाकूड, जाड चिवट पानं, हळूहळू वाढायचं. फिश्टनरच्या आधीच्या, २०१७ च्या कामात असं दिसलं की उधळ्या झाडाला मिश्र शेजाराचा फायदा होतो तो स्पर्धा कमी झाल्यामुळे. त्याचा खरा वैरी त्याच्यासारखाच दुसरा उधळ्या, त्याच उंचीवर तेच ऊन मागणारा, तो बाजूला नसला की हा सुटला. चिकट झाडाचं वेगळं, त्याला शेजारी चक्क मदत करतात. वरून थोडी सावली, जमिनीत ओल टिकते, टळटळीत उन्हाचा मारा कमी. मला हे वाचून आजीचं आठवलं, ती जायफळाचं रोप कधी उघड्यावर लावू द्यायची नाही, आधी केळ मोठी होऊ दे म्हणायची. तिच्याकडे लेझर स्कॅनर नव्हता एवढंच.

लेझर स्कॅनरचंही खरंच झालं. २०१९ मध्ये माटियास कुन्झ वगैरे लोकांनी या झाडांचं जमिनीवरून लेझरने स्कॅनिंग केलं, म्हणजे प्रत्येक फांदी मोजता येईल असं, आणि दिसलं की वेगवेगळ्या जातींच्या शेजारात उभं असलेलं झाड डेऱ्यात आणि फांद्यांत जास्त गुंतवणूक करतं. विचार केला तर सरळ आहे, चारी बाजूंनी आपल्याच जातीची, आपल्याच उंचीची झाडं असतील तर सगळ्यांचे डेरे एकाच थराला भिडतात, गर्दीच्या लोकलमध्ये सगळ्यांची डोकी एकाच उंचीवर असावी तसं, आणि मध्ये, खाली जागा रिकामी. एक उंच सडसडीत, एक बुटकं पसरट, एक थंडीत पानं गाळणारं, एक सदाहरित, असं असेल तर ती जागा भरते. पण इथे लाकडासाठी लावणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवायची, जास्त फांद्या म्हणजे जास्त गाठी, आणि सुतार गाठीला काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. त्याला छाटणी हाच उपाय.

जमिनीखालचं प्रकरण तर अजून वेगळं. हे त्या प्रयोगातलं नाही, बाजूच्या झेजियांग प्रांतात गुटियानशान नावाचं राखीव जंगल आहे, तिथल्या २४ हेक्टरच्या प्लॉटमधलं. तिथे लेई चेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की झाडाच्या मुळाशी वर्षानुवर्षं त्याच्याच जातीला मारक अशी बुरशी साठत जाते, त्यामुळे स्वतःच्या जातीचा शेजार बऱ्याच झाडांना बाधतो. पण सगळ्यांना नाही, काही झाडांच्या मुळांना वरून बुरशीचं आवरण असतं, ओक-चेस्टनटवाल्यांना असतं तसं, त्यांना राखणदार बुरशी जास्त मिळते आणि भाऊबंदांचा शेजार तेवढा जड जात नाही. शेतकऱ्याला हे नवीन नाहीच, त्याच वाफ्यात दरवर्षी टोमॅटो लावला तर मर लागते हे कुणीही सांगेल. झाडांची फेरपालट करता येत नाही म्हणून शेजारच वेगळा ठेवायचा.

आता उलट बाजू, कारण सगळं गोड गोड असलं की मला संशय येतो. मिश्र रानात किडी कमी असतात असं आपण धरूनच चालतो ना, पण त्याच गुटियानशानमध्ये आंद्रेआस शुल्ड्ट यांनी २०१० मध्ये पाहिलं तर जाती जास्त तिथे किड्यांनी खाल्लेली पानंही जास्त. कारण तिथले बरेचसे किडे एकाच झाडावर जगणारे नसावेत, जे ताटात येईल ते खाणारे, त्यांना मिश्र रान म्हणजे बुफे. म्हणजे एकाच जातीला धरून बसणाऱ्या किडीसाठी मिश्र रान चांगलं, भुक्कड किडीसाठी नाही. तरीही झाडं एकूण जास्त वाढतात, म्हणजे फायदा तोट्यापेक्षा मोठा असावा. आणि अजून एक, शेजारी मोठा असला की तो दाबतोच, जात कुठलीही असो. मिश्र लावलं म्हणून विरळणी टळली असं होत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मामांच्या सात गुंठ्यांचं गणित कागदावर मांडलं, चिनी प्लॉटसारखंच, वीस बाय वीस. समजा चार जाती घेतल्या आणि सोयीसाठी चार कोपऱ्यांत लावल्या, दहा बाय दहाचे चार चौकोन. कागदावर हे चार जातींचं मिश्र जंगल, फलकावरही तसंच लिहिता येईल. पण दुसऱ्या जातीचा शेजारी किती झाडांना मिळाला? फक्त चौकोनांच्या शिवेवरच्या झाडांना. प्रत्येक चौकोनात अशी १९, चारही मिळून ७६. उरलेली ४०० पैकी ३२४ झाडं आपल्याच जातवाल्यांमध्ये उभी, त्यांच्यापुरतं ते शुद्ध मोनोकल्चर. याउलट तेच चार जातींचे शंभर-शंभर रोप सगळीकडे विस्कटून लावले तर प्रत्येक झाडाच्या आठ शेजाऱ्यांत सरासरी सहा परके येतात. रोपं तीच, खर्च तोच, खड्डे तेवढेच. आपल्याकडच्या कितीतरी "मिश्र" लागवडी पहिल्या प्रकारच्या असतात असं मला फिरताना दिसत आलंय, एका पट्ट्यात साग, पुढच्या पट्ट्यात बांबू, मग खैर. त्याला कारण कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही, रोपं टेम्पोतून जातवार उतरतात, एकेका क्रेटमध्ये एकच जात, मजूर क्रेट उचलतो आणि संपेपर्यंत एका ओळीत लावत जातो, संध्याकाळच्या आत टेम्पो परत पाठवायचा असतो. मोनोकल्चर अर्धं तिथेच, क्रेटमध्येच तयार होतं.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. चीन म्हटल्यावर ते आधी दहा मिनिटं भलतीकडेच गेले. मग म्हणाले, एवढं दाट नको मला, माडासारखी हवा खेळली पाहिजे. बरोबर आहे, लाकूड हवं तर अंतर जास्त ठेवा, पण अंतर काहीही ठेवलं तरी आठ शेजाऱ्यांचं गणित तेच राहतं, फक्त ते एकमेकांना भिडायला वर्षं जास्त लागतील. जाती ठरल्या साग, किंजळ, ऐन, जांभूळ आणि बिबळा, म्हणजे साग गेला नाहीच, तो राहिला पण एकटा नाही. जांभूळ मी आग्रहाने घालायला लावलं, बाकीचे सगळे उन्हाळ्यात पानं गाळणारे, एक तरी हिरवं राहणारं हवं, आणि पक्षी येतील ते वेगळंच.

मग मजुरांना समजावायचं कसं हा प्रश्न. मामीने सोडवला. तिने जुन्या साड्यांच्या पाच रंगांच्या चिंध्या फाडल्या, काठ्यांना बांधल्या, आणि नियम एकच, बाजूच्या, समोरच्या, तिरक्या, कुठल्याही काठीला आपला रंग शेजारी येता कामा नये. दोन दिवस मामा आणि वाडीतली पोरं उतारावर काठ्या उपटून परत रोवत होते, पोरांना तो खेळच वाटला. पंधरा दिवसांनी पाऊस लागला, टेम्पो आला, आणि किंजळाची रोपं सांगितली होती त्याच्या निम्मीच आली. नर्सरीवाला म्हणाला किंजळ कोण मागतं हो, तेवढीच होती, बाकी साग देऊ का?

मामांनी हिरव्या चिंध्यांचे खड्डे तसेच रिकामे ठेवलेत. पुढच्या पावसात भरू म्हणतात.